आईचा दुसरा कप आणि न आलेलं रडू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर बीपीने किडन्या गेल्या, अडीच वर्षं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चाललं आणि मार्चमध्ये ते गेले. मुलगा ३४ वर्षांचा, कराडला आईबरोबर राहतो, घरूनच काम करतो. तो म्हणतो सात महिने झाले मी एकदाही रडलो नाही, मी दगड आहे का. आई मात्र रोज पहाटे दोन कप चहा करते, एक बाबांच्या फोटोपुढे ठेवते आणि बोलत बसते, नातेवाईक म्हणतात डोक्यावर परिणाम होईल, डॉक्टरला दाखव. सांगलीची बहीण म्हणते कपाट रिकामं करा म्हणजे आई मोकळी होईल. आणि आता दिवाळी तोंडावर आलीय.

तुला अरेतुरे करते, राग मानू नकोस, माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे. मी तेवीस वर्षं हॉस्पिटलात सोशल वर्करचं काम केलं, त्यातली शेवटची बरीचशी पॅलिएटिव्हला, म्हणजे पेशंट बरा होणार नाही हे जिथे सगळ्यांना माहीत असतं पण कोणी बोलत नाही तिथे. आता हॉस्पिटल सोडलं, पण लोक येतात बोलायला, त्यामुळे जे लिहितेय ते पुस्तकातलं कमी आणि बाकावर बसून ऐकलेलं जास्त आहे.

तू चार प्रश्न नंबर घालून विचारलेस, पण मला विचारशील तर तुझा खरा प्रश्न त्या चारांत नाहीच आहे, तो मधेच एका ओळीत टाकून तू पुढे गेलास. ते गेले त्या रात्री तुला पहिला विचार आला की उद्या शुक्रवार, डायलिसिसचा वार, उद्या जायचं नाही. आणि मग लगेच कंसात, सॉरी. कोणाला सॉरी म्हणालास रे? अडीच वर्षं पहाटे साडेचारला उठून, त्यांना खुर्चीत बसवून, जिना उतरवून, पाच-साडेपाचच्या शिफ्टला नेऊन, चार तास बाहेर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला सुटलो असं वाटणारच. ज्यांनी वर्षानुवर्षं आजारपण काढलंय त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने मला हे सांगितलंय, आणि प्रत्येकाने दार लावून, आवाज खाली करून सांगितलंय, जणू मी आत्ता पोलिसांना बोलावणार आहे. एक बाई होत्या, सासूचं सगळं अंथरुणात केलं सहा वर्षं, सासू गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या दुपारी तीन तास झोपल्या, आणि त्या झोपेचं ओझं त्यांनी पुढे चार वर्षं वाहिलं. तीन तासांच्या झोपेचं. तुला सुटका वाटली ती डायलिसिसमधून, बाबांमधून नाही. त्यांनाही डायलिसिस नकोच होतं ना, तूच लिहिलंयस की शेवटी शेवटी सुई टोचताना तोंड फिरवायचे. म्हणजे त्या रात्री तुला जे वाटलं ते तुम्हा दोघांनाही आधीपासून वाटत होतं, फक्त बोललं कोणी नव्हतं.

आता रडू. तू म्हणतोस मला काहीच झालं नाही, आणि पुढच्याच वाक्यात लिहितोस की अजून मंगळवारी आणि शुक्रवारी साडेचारला आपोआप जाग येते, छातीत धडधडतं आणि मग छताकडे बघत पडून राहतो. हेच तर ते. डोळ्यांतून पाणी आलं तरच दुःख धरायचं असा काही नियम नाही. कोणाची पाठ धरते, कोणाची भूक जाते, कोणी विनाकारण बायकोवर खेकसतो, कोणाला सिग्नलला थांबल्यावर एकदम कुठे निघालो होतो तेच आठवत नाही. पुरुषांचं जास्त करून असंच बाहेर पडताना मी बघितलंय, कारण बारा दिवस त्यांना मांडवाचं, भटजींचं, मर्तिकाच्या सामानाचं, आलेल्यांच्या चहाचं बघायचं असतं आणि तेराव्यानंतर लोक म्हणतात आता आईकडे बघ. तू रडायचं कधी? कोणी वेळच दिला नाही.

माझी एक चूक सांगते. नवीन नवीन कामाला लागले तेव्हा ते दुःखाचे पाच टप्पे शिकून आले होते, नकार, राग, सौदा, नैराश्य, स्वीकार. मराठीत छान रंगीत चार्ट करून ओपीडीच्या भिंतीवर लावला. एक आजी नातू गेल्यावर यायच्या, महिनाभर त्या चार्टकडे बघत बसायच्या, एक दिवस विचारलं, बाई मी कितव्या नंबरला आहे? मला राग आलाच नाही अजून, माझं काही राहिलं का करायचं? तो चार्ट मी त्याच संध्याकाळी काढला. पुढे कळलं की एलिझाबेथ कुब्लर-रॉस या डॉक्टर बाईंनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी बोलून नव्हे. आणि सगळ्यांनी ती शिडी केली, एक पायरी चढलो की दुसरी. तर तू ही शिडी शोधू नकोस, आईला तर मुळीच लावू नकोस.

मला कामाला आलेली गोष्ट दुसरीच आहे. हॉलंडमधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोन संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलेली. त्यांचं म्हणणं साधं आहे, माणूस गेल्यावर मागे राहिलेल्याला दोन कामं असतात. एक, गेलेल्याचं दुःख करणं, आठवण काढणं, रडणं, फोटो बघणं. दोन, त्याच्याशिवायचं आयुष्य लावून घेणं, म्हणजे बँक, पेन्शन, गॅसचा नंबर कोणाच्या नावावर, लाईट बिल कोण भरणार, एकट्याने लग्नाला कसं जायचं. आणि नीट सावरणारा माणूस या दोन्हींत ये-जा करत असतो, सकाळी रडतो, दुपारी फॉर्म भरतो, संध्याकाळी कशावर तरी हसतो आणि रात्री परत रडतो. ही ये-जा म्हणजे आपल्या बायका पूर्वीपासून करत आल्यात बघ, मर्तिकाच्या घरी एकीकडे हुंदके चालू असतात आणि त्यातच कोणीतरी डोळे पुसत विचारतं, भाताला आधण ठेवलं का गं.

तुमच्या घरात झालंय काय, तुम्ही दोघांनी ही कामं वाटून घेतलीत. रडायचं डिपार्टमेंट आईकडे आणि फॉर्म भरायचं तुझ्याकडे. मृत्यूचा दाखला तू काढलास, फॅमिली पेन्शनसाठी हेलपाटे तू घातलेस, बँकेत तू, वारस नोंदीला तलाठ्याकडे तू. आई बँकेत एकदाही गेली नाही, तू फोटोपुढे एकदाही बसला नाहीस. आणि दोघं एकमेकांकडे बघून घाबरताय, तू म्हणतोस आई त्यातच अडकली, ती तुझ्या बहिणीला म्हणाली की ह्याला बापाचं काहीच नाही. हे मी कितीतरी घरांत बघितलंय, नवरा-बायकोचं मूल गेलं तर अगदी हमखास, ती रडते म्हणून तो रडत नाही, आणि तो रडत नाही म्हणून ती दुप्पट रडते, आणि शेवटी दोघांचं बोलणंच बंद होतं.

तर अदलाबदल कर, थोडी थोडी. पुढच्या वेळी पेन्शनच्या कामाला आईला बरोबर घेऊन जा, सही तिची आहेच, पण नुसती सही नको, पासबुक तिच्या हातात दे, लाईनीत तिला उभं राहू दे, साहेबांशी तिला बोलू दे. हयातीचा दाखला द्यायची वेळ येईल तेव्हाही तिला घेऊन जा, पहिल्यांदाच देणार ना ती. वाईट वाटेल तिला तिथे, कदाचित काउंटरवरच रडेल, रडू दे, पण येताना बसस्टँडवर दोघं काहीतरी खाऊन या. आणि तू एका मंगळवारी साडेचारला जाग आली की छताकडे बघत पडू नकोस, उठ आणि स्वयंपाकघरात जा. आई उठलेलीच असते तेव्हा, पहिल्या गाडीची ड्युटी असायची म्हणून तीस वर्षं ती त्याच वेळेला उठतेय, हे तूच लिहिलंयस. तिला म्हण तीन कप टाक. बाकी काही बोलायची गरज नाही. तू अडीच वर्षं ज्या वेळेला उठायचास आणि ती तीस वर्षं ज्या वेळेला उठत होती ती वेळ एकच आहे आणि तुम्ही दोघं सात महिने ती एका भिंतीच्या दोन बाजूंना काढताय.

आता त्या दुसऱ्या कपाचं. वेड नाही ते. १९७१ साली वेल्समधल्या ड्यूई रीस नावाच्या एका साध्या फॅमिली डॉक्टरने आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांना विचारलं की गेलेला जोडीदार तुम्हाला जाणवतो का, दिसतो, ऐकू येतो, तुम्ही बोलता का त्याच्याशी. जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोपर्यंत हे कोणालाच सांगितलं नव्हतं, लोक हसतील म्हणून. आपल्याकडे तर याला नावं ठेवायचं काही कारणच नाही, पितृपक्षात आपण पान वाढून कावळ्याला हाक मारतो, ज्या जागी जीव गेला तिथे दिवा ठेवतो, सर्वपित्रीला नावं घेऊन जेवायला बोलावतो, आणि हे सगळं करणारे काका तुझ्या आईच्या एका कप चहाला वेड म्हणतायत. माझं मत विचारशील तर त्या काकांना फोटोपुढे बसवायला पाहिजे. पूर्वी आम्हालाही शिकवायचे की गेलेल्याशी असलेला धागा तोडला की माणूस बरा होतो, आता तसं कोणी मानत नाही, नातं तोडायचं नसतं, त्याची जागा बदलते.

फरक एवढाच बघायचा, आईला माहीत आहे ना की ते गेलेत? चहा ठेवून ती म्हणते का की उठा, उशीर होतोय, आणि ते उठले नाहीत म्हणून गोंधळते? तसं असेल तर गोष्ट वेगळी, मग वयाप्रमाणे विसरभोळेपणाची तपासणी करून घ्यावी लागेल. पण तू लिहिलंयस की ती त्यांना भाजीचे भाव सांगते आणि मग तो चहा गार व्हायच्या आत स्वतःच पिते. जी बाई चहा वाया घालवत नाही तिचं डोकं ठिकाणावर आहे.

कावळ्याबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मी जरा वेळ थांबले. दहाव्याला घाटावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला, सगळे म्हणाले पुण्यवान माणूस, काही इच्छा राहिली नाही, आणि तुला राग आला. मी दहाव्याला पुष्कळ वेळा गेलेय, तिथे कावळा लवकर येत नाही तेव्हा काय होतं बघितलंयस का, घरातला मोठा मुलगा हात जोडून मोठ्याने बोलायला लागतो, आईला सांभाळीन, बहिणीचं बघीन, जमिनीचं भांडण मिटवीन. आयुष्यात बापाशी चार वाक्यं धड न बोललेला माणूस तिथे चारचौघांत बोलतो आणि बोलता बोलता फुटतो. कावळा येवो न येवो, माझ्या दृष्टीने त्या विधीचं खरं काम ते आहे. तुझा कावळा लगेच आला आणि तुझी बोलायची संधी गेली. म्हणून राग. तर ते बोलणं राहिलंय तुझं, एवढंच. घाटावर जायला नको, कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बस एखाद्या संध्याकाळी, प्रीतिसंगम तुमच्या घरापासून कितीसा लांब. नाहीतर वहीत लिही आणि फाडून टाक. लोकांना हे बावळटपणाचं वाटतं, मलाही वाटायचं. माझा भाऊ कोविडात गेला, २०२१ च्या एप्रिलमध्ये, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लांबून दाखवला, ना खांदा, ना दहावा धड. मी इतकी वर्षं लोकांना सांगायचे आणि माझ्याच तोंडातून शब्द फुटत नव्हता, शेवटी दीड वर्षाने मी गाडीत काचा लावून त्याला मनसोक्त शिव्या दिल्या, लस वेळेवर घेतली नाही म्हणून. त्यानंतर झोप लागायला लागली.

काळजी कधी करायची तेही सांगते, कारण सगळंच नॉर्मल आहे म्हणून सोडून देणंही चूक. काही जणांचं दुःख खरोखर गोठतं. त्याला आता आजार म्हणून वेगळं नाव आहे, प्रोलाँग्ड ग्रीफ डिसऑर्डर, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते सहा महिन्यांच्या पुढे धरतात, अमेरिकन डॉक्टरांच्या यादीत मोठ्या माणसांसाठी वर्षाच्या पुढे, आणि नुसता काळ मोजून नाही, जवळजवळ रोज त्या माणसाची असह्य ओढ आणि त्यापायी जगणंच बंद पडलेलं असेल तर. आईच्या बाबतीत तू बघ, जेवते का, वजन उतरलंय का, बीपीची गोळी घेते का (ही आधी बघ, नवरा गेल्यावर स्वतःच्या गोळ्या बंद करणाऱ्या बायका मी ढिगाने बघितल्यात, विचारलं तर म्हणतात कोणासाठी घ्यायच्या), शेजारणीशी दोन शब्द बोलते का, सात महिन्यांत एखादा तरी दिवस जरा बरा जातो का. दिवसेंदिवस काहीच हलत नसेल तर सायकियाट्रिस्टला दाखव, पण नीट बोलणारा बघ, पाच मिनिटांत झोपेची गोळी लिहून देणारा नको. डिप्रेशन असेल तर गोळ्यांचा उपयोग होतो, पण नुसत्या गोळ्यांनी गोठलेलं दुःख फारसं हलत नाही, त्याला बोलण्याचीच ट्रीटमेंट लागते.

आणि ती म्हणते की मलाही घेऊन जा आता. हे वाक्य आपल्याकडे नव्वद टक्के बायका म्हणतात असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं, बहुतेक वेळा तो थकवा असतो. पण गृहीत धरू नकोस, सरळ विचार, आई, जीव द्यावा असं वाटतं का कधी, काही ठरवलंयस का. विचारल्याने डोक्यात नसलेलं येत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. हो म्हणाली, किंवा गोळ्या साठवताना दिसली, तर एकटी ठेवायची नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि हा नंबर तुझ्यासाठीही आहे.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण लिहून गेलास. गौरीला आई आतल्या खोलीत बसून राहिली, आत्या म्हणाली पुढे येऊ नको. हे दुःख बाबा जाण्याचं नाही रे, हे माणसांनी वरून घातलेलं आहे, आणि हे तुला थांबवता येतं. तुमच्या जवळच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला ठराव केला की आमच्या गावात नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, आणि त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. तू भाषण देऊ नकोस आत्याला. आईला काय हवंय ते एकटीला विचार, तिला कुंकू लावायचं नसेल तर तो तिचा प्रश्न, लावायचं असेल तर तू तिच्या शेजारी उभा राहा, बास.

कपाट. बहिणीचा हेतू चांगला आहे, पण घाई तिला सासरी राहून होतेय, कपाट तिला रोज दिसत नाही. आई बाहेर गेल्यावर कपडे वाटून टाकणे हा प्रकार कृपा करून करू नका, मी त्यातून दहा वर्षांचे अबोले बघितलेत. आई म्हणेल तेव्हा, आईने हात लावून. आधी औषधं, डायपर, ते वजनाचं मशीन, पथ्याचा तक्ता असलं आजारपणाचं सामान काढा, त्याला कोणाचा जीव अडकलेला नसतो, आणि ते गेलं की आजारी बाबांच्या मागचे आधीचे बाबा दिसायला लागतात. खाकी शर्ट आणि बिल्ला मात्र ठेवा. एक शर्ट तू घे. बहिणीलाही विचार तिला काय हवंय, मुलींना कोणी विचारत नाही.

हो, आणि बहिणीच्या लेकाला, पाच वर्षांचा म्हणालास ना, आजोबा झोपलेत असं सांगणं बंद करा. तो रात्री झोपायला घाबरतो यात नवल काय. सरळ सांगा, आजोबांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, तुझ्यामुळे नाही झालं. परत परत विचारेल, परत परत तेच सांगायचं.

दिवाळी. वर्षाच्या आतला सण, घरात तळण नाही, आकाशकंदील नाही, शेजारचे फराळाचे डबे आणून देतील, ही आपली जुनी पद्धत मला आवडते, कारण डबा द्यायच्या निमित्ताने माणूस येतो आणि दोन मिनिटं टेकतो. डबे दारातूनच घेऊन परत पाठवू नकोस, बस म्हण. आईला पणती लावायची असेल तर लावू दे. त्यातला अवघड दिवस तुला आत्ताच सांगून ठेवते, पाडवा. पाडव्याला ती त्यांना ओवाळायची, त्या संध्याकाळी घरी थांब, लवकर लॅपटॉप बंद कर, काही खास करू नकोस पण घरात अस. बहिणीला भाऊबीजेला यायचंच आहे तर सांग एक दिवस आधी ये.

आणि हे राहिलंच. बाबांच्या किडन्या बीपीने गेल्या असं लिहिलंस, तुझं वय ३४, दिवसभर बसून काम, झोप अशी अर्धवट. अडीच वर्षं हॉस्पिटलात फिरलास पण स्वतःच्या दंडाला तो बीपीचा पट्टा एकदा तरी गुंडाळून घेतलास का? नसशील. या आठवड्यात बीपी, क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ताची तपासणी) आणि लघवीची तपासणी करून घे. आईला घेऊन जा बरोबर, तिचंही बघून होईल, आणि येताना या वेळी तिला पैसे भरू दे.